पहिल्या वेच्याचं वचन

दसरा उलटला की राळेगावच्या रस्त्याला मी एसटीत खिडकीशी बसत नाही. बाया खिडकीसाठी भांडतात आणि मी आपली मधल्या जागेवर पिशवी मांडीत घेऊन, डोळे मिटून बसते. यंदा गाडी खच्चून भरलेली होती, आणि कंडक्टरनं ज्या एकाच रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं ती नेमकी खिडकीची निघाली. बसले. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता काय होतंय! कळंबच्या पुढे गाडी वळली आणि ती शेतं सुरू झाली.

कपाशीवर लाल्या आला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते. कपाशीच्या पानांच्या कडा आधी तांबूस होतात, मग बघता बघता अख्खं झाड शेंड्यापासून बुडापर्यंत लाल होतं. झाड पडत नाही. उभंच राहतं, आणि त्याच्यावर बोंडं फुटून पांढरा कापूस लोंबत असतो. हिरव्यावरचं पांढरं डोळ्यांना थंड वाटतं, पण लालवरचं पांढरं बघितलं की मी नजर फिरवते. भर दुपार, वाऱ्याची झुळूक नाही, शेतात एक बाई नाही. सगळं शेत रस्त्याकडे तोंड करून, कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबलंय असं वाटत होतं.

शेजारची बाई म्हणाली, "काहून वो ताई, मळमळून राह्यलं का? लिंबू देऊ?"

मी लिंबू घेतलं आणि हुंगत बसले. तिला काय सांगणार होते, कप्पाळ!

बाबा आता नाहीत, माय नाही, शेत चुलतभाऊ बघतो. मीही नोकरीतून मोकळी झाले. एसटीच्या एका आगारात चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, ही माझी नोकरी. आयुष्यभर आश्वासनंच वाटली म्हणा ना! 'गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल.' कधी लागायची, कधी नाही. पण त्या खिडकीमागे बसून एक गोष्ट मला पक्की समजली. गाडी आली नाही म्हणून माणसं जेवढी घाबरी होत नाहीत, तेवढी माइक गप्प झाला की होतात. बाई बोलत राहिली तर बसून राहतात. बाई गप्प झाली की गठुडी उचलतात, एकमेकांची तोंडं बघतात, पोरं उगाच रडायला लागतात.

कापसाच्या त्या वाईट वर्षांना पेपरवाल्यांनी बरीच नावं दिली. आमच्या गावात त्यांना नाव नव्हतं. 'औंदा बी तसंच,' एवढंच म्हणायचे. बियाणं बदललं, फवारा बदलला, अळी मात्र जिथल्या तिथं. गावात एखाद्या घराचं दार दिवसा लावलेलं दिसलं की माणसं पावलं हळू टाकत आणि काही विचारत नसत. पारावर बसलेले म्हातारे बोलता बोलता मध्येच थांबत, आणि थांबलेलं वाक्य कोणी पुढे नेत नसे. सुट्टीला घरी गेले की मला त्या शांततेचा राग यायचा. वाटायचं, अरे, भांडा तरी कोणाशी!

आमचं घर ख्रिस्ती, आजोबांपासून. आणि आमच्या घरात एक रीत होती जी मी दुसऱ्या कुठल्याही ख्रिस्ती घरात पाहिली नाही.

आमच्याकडे, वऱ्हाडात, पहिल्या वेच्याला सीतादही करतात. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात पूजा मांडायची, दही-भात शेताला द्यायचा, मग बायांनी कापसाला हात लावायचा. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि सीतादही बंद केलं. झालं! त्या वर्षी वेचायला आलेल्या बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिल्या. म्हणाल्या, "शेताले काही देल्लं नाही त आत पाय कसा टाकाव?" आजोबा निरक्षर. ते धावत गेले तेव्हाच्या उपदेशकाकडे. त्या भल्या माणसानं जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याचे बोल त्यांच्याकडून तोंडपाठ करून घेतले. टोळधाडीनं देश उजाड झाला तेव्हाचे ते बोल. दुसऱ्या दिवशी आजोबा धुऱ्यावर उभे राहिले, डोक्याची टोपी नीट केली आणि शेताला ते शब्द दिले. बायांना पटलं. आत शिरल्या.

तेव्हापासून तेच. आधी शिक्षेचा भाग. टोळांच्या झुंडी, सुकलेले वेल, ढेकळाखाली कुजलेलं बी, रिकामी कोठारं, हंबरणारी जनावरं. मग एक मोठा श्वास, थोडी शांतता. त्यानंतर देवाचं वचन, की हे सगळं मी पुन्हा उभं करीन. मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं. वेचायला येणाऱ्या बायांत कोणी हिंदू, कोणी बौद्ध, कोणी कोलाम आदिवासी. आमेन सगळ्याच म्हणायच्या, आणि खणखणीत म्हणायच्या. माय त्या गडबडीत पदराआडून दही-भात टाकायचीच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "देवाले शब्द देल्ले, आता शेताले भात. तुह्या बापाले नोको सांगू." बाबांना ते चांगलं माहीत होतं. त्या वेळी ते मुद्दाम आभाळाकडे बघायचे.

रीत पडली की तिला कडक नियम फुटतात. हे बोल घरातल्या थोरल्याच्याच तोंडून यायला हवेत. पुस्तकातून वाचायचे नाहीत. मध्ये कोणी आठवण करून द्यायची नाही. आणि वचन म्हटल्याशिवाय बोंडाला बोट लावायचं नाही. बाबांना लिहितावाचता येत होतं, पण त्यांनी आजोबांची रीत मोडली नाही. मला ते सगळं लहानपणीच पाठ झालं होतं. एकदा धुऱ्यावर मी त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागले तर मान न वळवता म्हणाले, "चूप. ते तुहं नाही."

आम्ही टोळ कधी पाहिले नव्हते. लहानपणी मला वाटायचं, टोळ म्हणजे बोंडअळीच. पाय फुटलेली, पंख फुटलेली, आभाळ झाकून टाकणारी. रात्रीच्या प्रार्थनेला बाबा तो भाग म्हणत तेव्हा मी पाय गोधडीत ओढून घ्यायचे.

आता रिकामपण आहे तर मी संदेष्ट्यांची पुस्तकं चष्मा लावून वाचत असते. वाचताना चिडते. शिक्षा सांगताना हे लोक पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखे बांधाबांधानं फिरतात. काय काय गेलं, कसं गेलं, कुठून आग लागली, एक गोष्ट सोडत नाहीत. आणि वचनाची पाळी आली की आटोपतं घेतात. पाऊस येईल, खळी भरतील, लाज वाटायची वेळ येणार नाही. बास! अहो, केव्हा? कुठल्या साली? ते सांगत नाहीत. एकाला वाळक्या हाडांनी भरलेलं खोरं दिसलं आणि ती हाडं खुळखुळत एकमेकांना जुळायला लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग बांधाबांधाला पडलेले असतात, सरपणासाठी. वारा आला की खुळखुळतात. लहानपणी त्या ढिगांजवळून जाताना मी पळत सुटायचे. जुळून उभ्या राहिल्या तर, अशी भीती होती. देवानं परत उभं केलेलं काही चांगलंच असेल, असं मला तेव्हाही खात्रीनं वाटत नव्हतं.

आणि टोळांच्या त्या संदेष्ट्याची एक गोष्ट तर मला मोठेपणी फार छळायला लागली. त्याच्या वचनात देव नुसतं धान्य परत देईन म्हणून थांबत नाही. टोळांनी खाल्लेली वर्षंच भरून देईन म्हणतो. वर्षं! पीक भरून देता येईल, बैल घेऊन देता येईल. गेलेलं वर्ष कसं परत देणार? कुठून आणणार ते, आणि आलं तर कोणत्या दारातून घरात घेणार? बाबांना मी हे विचारलं होतं. बाबा म्हणाले, "त्याचं तो पाहील. तू कायले हिशोब करतं?"

मी नोकरीत असतानाच, त्या वाईट वर्षांतल्या एका दसऱ्यानंतर आमच्या गावावरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं खिडकीत डोकं घालून निरोप दिला. "मॅडम, तुमच्या मायनं सांगतलं, बाप बदलला म्हणा. येऊन जाय म्हणा."

बदलला म्हणजे काय? मी रजा टाकली आणि गेले. फाट्यावर उतरून चालत घरी पोचले तर बाबा ओट्यावर बसलेले, नेहमीसारखे. "आली का सुलू? गाडीत जागा भेटली का?" म्हणाले. मी मायकडे असं बघितलं की काय उगाच जीव खाल्लास! मायनं पदर खोचला. आत जाऊन चहा टाकला.

दुपारी बाबांनी स्वतः उठून पाण्याचे दोन लोटे भरले. एक आपल्यासमोर ठेवला, एक ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. मी विचारलं, "तो कोणाला?"

"वसंता बसला ना," बाबा म्हणाले. "उन्हातून आला तो."

वसंताकाका, बाबांचे धाकटे भाऊ. मी चौथीत असताना गेले. ओट्याच्या त्या टोकाला ऊन पडलं होतं आणि उन्हात तो लोटा चकाकत होता. बाबा त्या दिशेला मान करून ऐकत होते. मध्येच हसले. हसणं इतकं खरं होतं की मीच पाय मागे घेतला.

संध्याकाळी मी आणि पार्बताबाई शेताकडून येत होतो. पार्बताबाई म्हणजे वेचणाऱ्या बायांतली म्होरकी, आमच्या शेजारची, कोलामांची. माझ्या मायच्या वयाची. पांदण अरुंद, दोन्ही बाजूंना बोरीची काटेरी झुडपं. समोरून बाबा येत होते. दोन्ही हात कोपरापासून पुढे केलेले, मुठी मिटलेल्या. तोंडानं बैलांना हाकारत होते, "हो, हो, धीर धर." बैल तर आमच्याकडे कित्येक वर्षांत नव्हते. मुठीत कासरा नव्हता. बाबा जवळ आले तशी पार्बताबाई झटकन बाजूला झाली, बोरीच्या काट्यांत, पातळ फाटेपर्यंत. बाबा निघून गेले, आपल्या चालीनं. मी तिच्यावर ओरडलेच, "तू कशाला बाजूला झालीस?"

ती पायातला काटा काढत होती. म्हणाली, "मले नाही समजलं बाई. अंगावर वारा आला. बैलाच्या तोंडाचा येतो तसा."

पांदणीतली धूळ अजून हवेत होती आणि एका म्हाताऱ्याच्या पायांनी एवढी धूळ उडेल असं मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी पहिला वेचा. कापूस उशिरा फुटला होता, आणि फुटेपर्यंत शेत लाल होऊन गेलं होतं. मी इतकं लाल आधी कधी पाहिलं नव्हतं. पाखरं नव्हती. एरवी कडुलिंबावर असणारी वानरं धुऱ्यापर्यंत येऊन बसली होती, पण आत शिरत नव्हती. बोंडं तडकायचा बारीक आवाज तेवढा येत होता. इथं एक, तिथं एक. बाया कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून रांगेत उभ्या राहिल्या. बाबांनी टोपी नीट केली आणि सुरुवात केली.

मी गेली कितीतरी वर्षं ते ऐकत होते, पण त्या सकाळी त्यांनी म्हटलं तसं कधी ऐकलं नव्हतं. आवाज तरणा झाला होता. झुंडींचं वर्णन आलं तेव्हा बायांनी नकळत पदर डोक्यावर ओढले. पुढे बाग आणि मागे उजाड रान, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मीसुद्धा. एक शब्द चुकला नाही. मग त्यांनी श्वास घेतला, रीतीप्रमाणे. शांतता झाली, रीतीप्रमाणे.

आणि ती शांतता संपेचना.

बाबांचे ओठ हलत होते. डोळे शेतावरून फिरत होते, घरात ठेवलेली वस्तू शोधावी तसे. कपाळावर घाम आला. माझ्या जिभेवर पहिला शब्द तयार होता. एकच शब्द दिला असता तर पुढचं घडाघडा आलं असतं. मी तोंड उघडलं आणि मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. बाबा मागे वळले. म्हणाले, "उद्या." बस, एवढंच. आणि घराकडे चालू लागले.

बायांनी ओट्या सोडल्या. कोणी कुरकुरलं नाही. जाताना पार्बताबाई म्हणाली, "बोल येतीन ना त्यायले. मोठी गोष्ट हाय, वाटंत असंन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिक्षा पूर्ण, वचन नाही. आता शिक्षा नुसतीच हवेत राहू लागली, तिच्यावर झाकण पडेना. पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन जाणाऱ्या बाया आमच्या शेताकडून वाट वळवून जायला लागल्या. एक जण मायला म्हणाली, "मामंजींनी शेताले शिव्या देल्ल्या वाटते. आता उतारा कोन टाकीन?" माझं डोकं फिरलं. असल्या गोष्टी मी पोरपणी सोडून दिल्या होत्या. पण खरं सांगते, धुऱ्यावर एकटी उभी राहिले की त्या लाल शेतात काहीतरी ऐकत बसलंय असं मलाही वाटायचं.

मी तालुक्याला फोन करून पाळकांना बोलावलं. तरुण पाळक, मोटरसायकलवरून आले, खिशाला पेन. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "यात काय ताई, मी वाचतो ना!" धुऱ्यावर उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि वचनाचा भाग फार सुंदर वाचला. आवाज गोड होता बिचाऱ्याचा. वाचून झालं. पुस्तक मिटलं. बाया जागच्या हलल्या नाहीत. पार्बताबाईनं माझ्या कानात विचारलं, "झालं का? आता तुहे बाबा सुरू करतीन का?"

बाबा पुढे होऊन पाळकांना म्हणाले, "बेस वाचलं साहेब. चला, चहा घ्या." आणि पाळकसाहेबांनी खरोखर चहा घेतला, प्रार्थना केली आणि गेले. त्यांची काय चूक!

त्या दुपारी माझं मायशी कडाक्याचं भांडण झालं. चुलीपुढे ती, दारात मी. मी म्हटलं, कापूस लोंबून जमिनीला लागायला आलाय, आभाळ भरून येतंय, भिजला तर काळा पडेल आणि कोणी हात लावणार नाही. मी म्हणते वचन, मला पाठ आहे, मोकळं करा त्या बायांना. आणि तुम्ही दोघं चला माझ्याकडे. डॉक्टरला दाखवू.

माय भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरले दाखव. जाऊ आपन. पन ते बोलू नोको तू. तू बोललीस का त्याची जागा गेली. त्याले मंग काय राह्यलं? बैल गेले, भाऊ गेला, नावं जाऊन राह्यली त्याच्यातून एकेक. एवढीच जागा हाय त्याची, त्या धुऱ्यावर. जित्या मानसाची जागा काढू नोको, सुलू. कापूस गेला त जाऊ दे."

मला कापसाचं तेवढं नव्हतंच, तिलाही ते ठाऊक होतं. मला बाबा परत हवे होते. सबंध, पहिल्यासारखे, शिक्षा म्हणून झाल्यावर हसून वचन म्हणणारे. ते वचन त्यांच्या तोंडून आलं तर ते आतमध्ये अजून आहेत, नाही आलं तर नाहीत, अशी मी मनाशी गाठच मारली होती. माणूस किती खुळा होतो! रात्रंदिवस प्रार्थना चालली होती माझी, की देवा, बाकी काही नको, तेवढं त्यांना आठवू दे.

मी तडक शेतावर गेले. बाबा धुऱ्यावर बसले होते, शेताकडे पाठ करून. हातवारे करत बोलत होते. जवळ गेले तर ऐकू आलं. वसंताशी, त्यांच्या बापाशी, कोणा सावळ्या नावाच्या बैलाशी. कुठल्यातरी जत्रेला निघायचं होतं, नदीला पाणी होतं, सगळे त्यावर वाद घालत होते. बाबांचा चेहरा सुखानं उजळला होता. इतका आनंदी मी त्यांना माझ्या उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तिथं, भर दुपारी, उन्हात मला थंडी वाजून आली. वर्षं परत येत होती. खाल्लेली, गेलेली, पुरलेली वर्षं एकामागून एक चालत येऊन त्यांच्याजवळ धुऱ्यावर बसत होती. आमच्या घराण्यानं इतकी वर्षं या शेताला जे वचन ऐकवलं ते पुरं होत होतं की काय? आणि ती येऊन बसायला जागा व्हावी म्हणून आम्हाला एकेक करून उठवलं जात होतं? मी मोठ्यानं म्हटलं, "देवा, असं नव्हतं म्हटलंस तू." बाबांनी दचकून मागे पाहिलं आणि पुन्हा जत्रेकडे तोंड वळवलं.

शेवटच्या सकाळी आभाळ खाली आलं होतं. पाऊस दुपारपर्यंत पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाया न बोलावता आल्या आणि ओळीनं उभ्या राहिल्या. ढगांच्या उजेडात पानं काळपट दिसत होती, कापूस तेवढा उजळ. मी ओळीच्या शेवटी उभी राहिले.

बाबा आले. टोपी नीट केली. पण सुरुवात केली नाही. त्यांची नजर ओळीवरून सरकत सरकत माझ्यावर आली आणि थांबली. मग ते चालत माझ्यापर्यंत आले. जरा अंतर राखून उभे राहिले, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी कुठल्या? लांबून आल्या वाटते."

मायनं तोंडात पदर कोंबला. 'बाबा, मी सुलू' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझी कुठं खूणच नव्हती. आठवून द्यायलासुद्धा काहीतरी शिल्लक लागतं.

"हो," मी म्हटलं, "लांबून आले." आणि मला रडू फुटलं. बायांसमोर, मोठ्यानं, लाज सोडून.

"रडू नका," बाबा म्हणाले. "कोन गेलं तुमचं?"

मी नुसती हुंदके देत राहिले. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. आणि शेताकडे न बघता, आभाळाकडे न बघता, माझ्याकडे बघत त्यांनी वचन म्हटलं. अख्खं. भुईला भिऊ नको म्हणणारं, रानातल्या जनावरांना धीर देणारं, वेळच्या वेळी पाऊस सांगणारं. मग त्या टोळांचं, एकेका जातीचं नाव घेऊन, की त्यांनी खाल्लेली वर्षं मी तुम्हाला भरून देईन. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझं सांत्वन करायला म्हणूनच त्यांना ते आठवलं होतं, आणि त्यांच्या मनात मी कोण हे जिथं होतं तिथं आता ते वचन होतं.

"आमेन," पार्बताबाई म्हणाली. मग सगळ्या म्हणाल्या आणि भराभर शेतात शिरल्या. वानरं कडुलिंबावर चढली. कापूस वेचला जायचा आवाज सुरू झाला, तो इतक्या दिवसांनी ऐकून माय खाली बसून रडली. जे मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, शब्दशः. मला देवाचा असा राग आला की काय सांगू! तो राग अजून पुरता गेलेला नाही, प्रार्थनेत मी त्याला तसं सांगतेही.

बाबा अजून माझ्यासमोरच उभे होते. म्हणाले, "वेचाले आल्या ना? मंग या. कधी वेचला नाही दिसते."

त्यांनी मला पहिल्या ओळीत नेलं. एका लाल झाडापाशी वाकले, माझा हात धरला आणि माझी बोटं एकेक करून बोंडाभोवती लावली. "अशी. खालून धरा. ओढू नका, टोकं लागतात बोंडाची. पान येऊ देऊ नका संगं." सहा वर्षांची असताना याच शेतात, याच शब्दांत त्यांनी मला वेचायला शिकवलं होतं. अंगठ्याचा दाब तोच होता. तंबाखूचा वास तोच. मान वाकडी करून माझ्या बोटांकडे बघणं तेच. कापूस अलगद माझ्या मुठीत आला.

"हां," बाबा म्हणाले. "आता एकटीनं करा."

मला वेचता येत होतं. मी मुद्दाम दुसरं बोंड वरून धरून ओढलं.

"नाही, नाही," बाबा म्हणाले आणि पुन्हा माझा हात आपल्या हातात घेतला.